मंगलनं सासरा सांभाळला

येसाजी पहिल्यांदा पडले ते गोठ्यामागच्या चिऱ्याच्या पायरीवर. पायरीला शेवाळ धरलं होतं, काखेत गवताची पेंढी होती आणि तोंडानं ते सुनेला शिव्या देत होते. म्हशीला पाणी दाखवायला उशीर का झाला, यावरून. शिवी अर्धी तोंडात असतानाच पाय गेला. मंगल चुलीपुढून उठून परड्यात आली तेव्हा ते कुशीवर पडले होते. उजवा हात अंगाखाली दुमडला होता, तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. मंगलच्या मनात सगळ्यात आधी जे आलं ते एवढंच, की गप्प झाले. मग तिनं शेजाऱ्यांना हाक मारली.

कर्नाटकात, लोंढ्याजवळच्या रामनगरवरून आत, जंगलाला लागून एक वाडी आहे, तिथली ही गोष्ट. उतारावर भाताच्या पट्ट्या, त्यांच्या कडेनं थोडीशी घरं. येसाजींचा बाप खानापूरकडून इकडं आला आणि रानाची कड साफ करून राहिला. येसाजी तरुणपणी लाकूडतोडीच्या कामावर मुकादम होते. मजुरांना हाकायचा आवाज त्यांनी घरी आणला आणि तोड कधीच बंद झाली तरी तो आवाज काही खाली उतरवला नाही. बायको रुक्मा त्या आवाजाखाली वाकत वाकत एक दिवस मरून गेली. तिच्या माघारी तो सगळा मंगलच्या वाट्याला आला.

मंगलही खानापूरकडचीच. पोरवयात या घरात आली, आता पन्नाशीच्या घरात होती. अंगानं किरकोळ, कामाला चिवट, बोलायला कमी. नवरा यशवंत गणेशगुडीकडं एका रिसॉर्टवर जीप चालवायचा, पर्यटकांना रान दाखवायचा आणि पंधरवड्यातून कधीतरी घरी यायचा. मुलगी अंकिता लग्न होऊन बेळगावला गेली होती. घरात उरली दोन माणसं, सून आणि सासरा.

त्या दिवशी येसाजींचं मनगट मोडलं. प्लास्टर घालून आणल्यावर दुसऱ्या दिवशी लोंढ्याहून त्यांची लेक रेश्मा आली. बापाला बघून झाल्यावर ती अंगणात येऊन उभी राहिली आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा बेतानं बोलायला लागली.

"घरात दोन माणसं. त्यातलं एक म्हातारं. दुसरीनं त्येच्याकडं बघायचं, एवढंच काम न्हवं? पायरीवर शेवाळ कुणी वाढवलं?"

"त्या पायरीवरनं जाऊ नका म्हणून सांगितलं होतं मी," मंगल म्हणाली.

"सांगून काय हुतंय? धरायला पायजे माणसाला."

यशवंत आला तो बहिणीपेक्षा शांतपणे बोलला, पण बोलणं तेच. "हे बघ, आता मनगटावर भागलं. खुबा मोडला तर मला काम सोडून घरात बसाय लागंल. तू कसं बी कर, पण आप्पा परत पडायला नगंत."

कसं बी कर, हे शब्द मंगलनं नीट ऐकून घेतले.

प्लास्टर निघाल्यावर थोड्याच दिवसांत वाडीत शहरातली माणसं आली. एका वैद्यकीय महाविद्यालयातली. म्हातारपणी माणसं का पडतात, कशी पडतात आणि न पडता धडधाकट राहण्यासाठी काय करता येतं, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. आजूबाजूच्या वाड्यांतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्यांनी देवळाच्या मंडपात बोलावलं. त्यांच्यात पल्लवी नावाची एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. मूळची धारवाडची, पण मराठी चांगलं बोलायची. ती एकेकाला खुर्चीत बसवायची, हात छातीशी बांधायला सांगायची आणि हाताचा आधार न घेता उठायला लावायची. मग जमिनीवर आखलेल्या रेघेपर्यंत चालत जाऊन परत यायचं.

येसाजींची पाळी आली. त्यांनी हात बांधले, जोर केला, खुर्चीतून थोडे वर आले आणि धपकन मागं बसले. पुन्हा जोर केला, पुन्हा बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मुकादम, लावा की जोर." दोघंतिघं हसले. त्यांतले काहीजण त्यांच्या हाताखाली लाकूड ओढलेले होते. येसाजींचं तोंड काळं-निळं झालं. मंगल खांबाला टेकून उभी होती. पदर तोंडावर घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

सगळं आटोपल्यावर पल्लवीनं तिला बाजूला घेतलं.

"आजोबांना पडायचा धोका बराच आहे, मावशी. त्यावर दोन कामं करायची. एक म्हणजे घरातल्या पडण्याच्या जागा काढून टाकायच्या. ओली जमीन, अंधार, सुटी चप्पल, पायात येणारी पोती. ते तुम्ही करायचं. दुसरं म्हणजे पायांत ताकद आणायची. ते त्यांनीच करायला हवं, तुम्ही फक्त जवळ उभं राहायचं. पहिलं एकटं पुरत नाही हं. जपून जपून नुसतं बसवून ठेवलं की पाय जातात. आणि पाय एकदा गेले की मग माणूस उभाच राहत नाही."

मंगलला हे एकदा सांगून कळलं. पुढं जे झालं ते न कळून झालं, असं तिला कधी म्हणता आलं नाही.

पल्लवीनं व्यायाम दाखवले. खिडकीचे गज धरून टाचा उचलायच्या, खुर्चीतून उठायचं-बसायचं, भिंतीच्या कडेनं आडवं चालायचं. एक काठी दिली, खाली रबराचं टोपण बसवलेली. महिन्यातून एकदा फोन येईल म्हणाली, या महिन्यात आजोबा पडले का तेवढं सांगायचं.

येसाजी पहिल्या दिवशी म्हणाले, "आता नाचाय लावालीस मला?" पण मंडपातलं हसणं त्यांच्या अंगाला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपणहून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मंगल मागं हात पसरून उभी राहायची. कधी तोल गेला की ते तिचा खांदा धरायचे, आणि त्या म्हाताऱ्या हाताचा कापरा तिच्या हाडापर्यंत पोचायचा. ते दिवस घरात बरे गेले. पडायच्या भीतीनं माणूस मऊ झाला होता. "मंगल, च्या कर गं," असं ते म्हणायला लागले. तो 'गं' या घरात पहिल्यांदाच ऐकू येत होता. एकदा त्यांनी खिडकीशी उभ्या उभ्या तिला विचारलं, "तू जेवलीस?" मंगल चहाचं आधण बघायला आत गेली.

पाऊस उघडेपर्यंत ते खुर्चीतून हात न लावता उठायला लागले. मग गोठ्यापर्यंत, मग बांधापर्यंत जायला लागले. पायांत जसजशी ताकद येत गेली तसतसा आवाजही परत आला. बांधावरून येऊन ते गवत कुठं राहिलं ते सांगायचे. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून त्यांनी वाटी भिंतीवर मारली. मंगलनं भिंत पुसली आणि मुकाट्यानं दुसरी वाटी आणून ठेवली.

एका दुपारी ती बचत गटाच्या बैठकीला रामनगरला गेली. बस चुकली, परतायला दिवस कलला. घरापाशी आली तर येसाजी दारात उभे. ताठ, कशाला न धरता. पाय असे रोवलेले की मंगलला खुर्चीतून उठतानाचं त्यांचं सगळं शिकणं त्यात दिसलं.

"कुणाला इच्यारून गेलीस?"

"सांगितलं होतं की सकाळी, मामा."

"मला आयकाय आलं न्हाई. म्हंजे सांगितलं न्हाईस."

ती बाजूनं आत जायला निघाली तेव्हा त्यांनी काठी उचलली आणि तिच्या हातावर मारली. पिशवी खाली पडली. समोरच्या घरची देवकी वाळवण उचलत होती. तिनं बघितलं आणि सूप घेऊन आत गेली. मंगलच्या कोपराखाली रबराच्या टोपणाचा गोल वळ उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसाजी खिडकीशी जाऊन उभे राहिले. "ये, उभी ऱ्हा मागं."

"आज नगं मामा," मंगल म्हणाली. तिचा आवाज फार मऊ होता. "काल लई चाललासा. बसा तुमी. च्या आणते."

सुरुवात अशी झाली.

मंगलच्या पोटात एक जुनी गोष्ट होती. अंकिता तान्ही असतानाची. माहेरी तिची आई न्हाणीत घसरून पडली आणि खुब्यातून मोडली. निरोप आला तेव्हा भात कापणीला आला होता. मंगलनं पिशवी भरली. येसाजींनी ती पिशवी हातातून घेऊन माळ्यावर टाकली. "पडलीय न्हवं? पडली म्हंजे काय मेली न्हाई. कापणी झाल्यावर जा." यशवंत तिथंच होता, कोयत्याला धार लावत होता. कापणी झाली, मळणी झाली, मग मंगल गेली. आई तोवर मातीआड झाली होती. भावजयीनं सांगितलं, शेवटपर्यंत दाराकडं बघत होती. मंगल परत आली आणि त्या संध्याकाळी तिनं सासऱ्याला भाकरी करून वाढली. त्यावर ती पुन्हा कधी कुणाशी बोलली नाही.

आता तिनं पल्लवीनं सांगितलेलं पहिलं काम मनापासून करायला घेतलं. पोती उचलली. सुटी चप्पल चुलीत घातली. अंगणात ओल असते म्हणून अंगण बंद केलं. न्हाणी निसरडी म्हणून खुर्चीतच अंग पुसायला लागली. परसाकडं जाणं धोक्याचं म्हणून यशवंतला सांगून भोकाची खुर्ची मागवली. काठी ओल्या जागेवर सरकते म्हणून माळ्यावर ठेवली. त्यांतलं एकेक ऐकायला बरोबरच होतं. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "पडाल की मामा," आणि ते म्हणताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थोडं दाबायची. त्या दाबण्याला येसाजी आधी शिव्या द्यायचे.

शिव्यांनी काही होईना तेव्हा त्यांनी आरडाओरडा करून बघितला. मंगल दार लोटून शेतात जायची. घर थोडं बाजूला होतं, आणि म्हातारं माणूस ओरडतंय यात कुणाला नवल नव्हतं. मग एक दिवस ते आपणहून उठायला गेले. बसून बसून मांड्या सैल पडल्या होत्या, ते अर्धे उठून खुर्चीतच कलंडले. मंगलनं वेळेवर धरलं.  पडले असते तर रेश्मा, यशवंत, सगळं परत. त्याच दिवशी तिनं ट्रंकेतून रुक्माचं एक विरलेलं लुगडं काढलं, त्याची रुंद पट्टी फाडली आणि ती येसाजींच्या पोटावरून घेऊन खुर्चीच्या पाठीमागं गाठ मारली. गाठ हात पोचणार नाही अशा जागी.

"हे काय करालीस?" येसाजींनी विचारलं. त्यांना राग आला नव्हता, नीट कळलंच नव्हतं.

"तुमी पडू नये म्हणून."

फोन यायचा. "मावशी, आजोबा पडले का या महिन्यात?"

"न्हाई, बाई. एकदा बी न्हाई."

"छान. असंच चालू ठेवा."

पल्लवीला शंभर घरी फोन करायचे असत. ती पुढच्या घराकडं वळायची.

रेश्मा आली तेव्हा येसाजींना धीर आला. लेक जवळ बसल्यावर त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "ही मला बांधती गं. मी चालत हुतो. आता चालू देत न्हाई."

रेश्मानं पट्टी बघितली. ती काही आंधळी नव्हती. पण लोंढ्यातल्या तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, आणि बापाला आपल्याकडं न्या असं कुणी म्हणू नये एवढीच तिची इच्छा होती. "तुमच्या भल्यासाठीच बांधती, आप्पा," ती म्हणाली. "सुम्म, गप बसा जरा. किती करालीया ती तुमचं." जाताना तिनं मंगलच्या हातात नवी साडी ठेवली. "इतकं म्हैनं झालं, आप्पा भुईला लागले न्हाईत. सगळं तुझ्यामुळं."

मंगलनं ती साडी संक्रांतीला नेसली आणि येसाजींना दाखवायला त्यांच्यासमोर उभी राहिली. "रेश्माताईंनी दिली," ती म्हणाली. "कशी दिसती?"

येसाजी म्हणाले, "बरी दिसती." पुढं थोडं थांबून म्हणाले, "बाई." सुनेला ते आता बाई म्हणायला लागले होते.

वर्ष भरलं तेव्हा पुन्हा मंडपात तपासणी होती. येसाजी येऊ शकत नाहीत म्हटल्यावर पल्लवी स्वतः घरी आली. दारातच थबकली. खुर्चीतल्या माणसाचे पाय तिनं गेल्या वर्षी बघितले होते. आता धोतराखाली दोन काठ्या होत्या, आणि टाचांवर काळे चट्टे पडले होते. ती खाली बसली, पट्टी सोडली आणि काखेत हात घालून त्यांना उठवायला गेली. गुडघे सरळ होईनात. तिनं सावकाश परत बसवलं.

"आजोबा, व्यायाम करत होता ना तुम्ही?"

येसाजींनी मान वळवून मंगलकडं बघितलं. मंगल चहाचा कप घेऊन उभी होती. पल्लवी संध्याकाळी जाणार होती. मंगल राहणार होती.

"करत हुतो," येसाजी म्हणाले. "माझ्यातच दम न्हाई. ती बिचारी लई करती."

पल्लवी मंगलला घेऊन अंगणात आली.

"हे कधीपासून बांधताय?"

"घसरतात खुर्चीतनं. मग काय करू?"

"घसरतात कारण पायांत काही उरलं नाही. बसवून ठेवलं की असं होतं, हे मी सांगितलं होतं तुम्हाला."

"व्हय. सांगितलं होतं तुमी."

"मग?"

मंगलनं पदरानं हात पुसले. "तुमी दर महिन्याला काय इच्यारत होतासा?"

मंगलनंच पुढं सांगितलं.

"पडले का, म्हणून. तर न्हाई पडले."

पल्लवीनं अंगणातूनच यशवंतला फोन लावला. रेंज येत-जात होती, म्हणून ती बांधापाशी जाऊन मोठ्यानं बोलत होती आणि मंगलला सगळं ऐकू येत होतं. तुमच्या वडिलांना बांधून ठेवलंय, त्यांचे पाय गेलेत, जखमा होताहेत, तुम्ही या. यशवंतचं बोलणं ऐकू आलं नाही, पण ते काय असेल ते पल्लवीच्या तोंडावरून कळलं. नंतर त्यानंच मंगलला सांगितलं. तो म्हणाला होता, "मॅडम, तुमी महिन्याला एक फोन करणार. तिथं ऱ्हाती ती माझी बायको. पडले न्हाईत न्हवं? मग झालं की."

जाण्याआधी पल्लवीनं मंगलला परत सगळं दाखवलं. बसल्या जागी पाय उचलायचे, सरळ धरायचे, खाली ठेवायचे. टाचांखाली काय ठेवायचं, कूस कशी बदलायची. पायांत अजून थोडं बळ परत येईल म्हणाली, सगळं नाही, पण थोडं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मंगलला आवडलं नाही. माझ्या हातावर वळ होता तेव्हा तू कुठं होतीस, असं काहीसं तिच्या मनात आलं. पल्लवी पुढं एकदा येऊन गेली. नंतर पाऊस लागला, प्रकल्पाची मुदत संपली आणि तिची नेमणूक दुसरीकडं झाली.

तो पाऊस लागायच्या आधीच्या एका दुपारी येसाजींनी हाक मारली. "मंगल. पट्टी सोड."

"पडाल, मामा."

"पडू दे की. एकदा पडू दे मला."

मंगलनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग मागं जाऊन तिनं गाठ सोडली. येसाजींनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, पुढं झुकले, आणि झुकले ते तसेच खाली यायला लागले. मंगलनं पुढून मिठी मारून धरलं. त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. माणूस पेंढ्याच्या भाऱ्याएवढा हलका झाला होता. एवढंसं राहिलंय, तिला वाटलं. ती त्या जुन्या रागाची वाट बघत उभी राहिली. तो आला नाही. जिच्यापुढं पिशवी माळ्यावर टाकली ती बाई तीच होती, पण टाकणारा हा नव्हता. तो कधीतरी या खुर्चीतच संपला होता, आणि तिला कुणी सांगितलंही नव्हतं. त्याचा मात्र तिला राग आला, फसवल्यासारखा.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पल्लवीचे व्यायाम सुरू केले. सकाळी चूल आवरली की ती त्यांच्या पायांशी बसायची, टाच हातात धरायची आणि म्हणायची, "उचला." आधी काही हललं नाही. ती धरून बसायची. मग एका सकाळी पाय तिच्या हातातून बोटभर वर उठला आणि तिथं थोडा वेळ थरथरत राहिला. मंगलच्या तोंडातून निघून गेलं, "आला की, मामा."

येसाजींनी पायाकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांत चमक आली. मग त्यांनी मान वर केली आणि मंडपात हसणारे, देवकी, रेश्मा, सगळे समोर असल्यासारखे ते बोलले, "बघ. येतंय का न्हाई? मला काय समजलीस?"

तो आवाज तोच होता. बारीक झालेला, फाटलेला, पण तोच.

मंगलनं टाच खाली ठेवली. "पुरे आज," ती म्हणाली. ती उठली, पट्टी घेतली आणि मागं जाऊन गाठ मारली.  आपलं काय चुकलं ते येसाजी शोधत असावेत, कारण जेवताना त्यांनी आपणहून सांगितलं, "आमटी चांगली झालीया, बाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "उचलू पाय?" मंगल म्हणाली, "आज नगं." त्यानंतर त्यांनी विचारायचं सोडलं.

पावसात त्यांना खोकला लागला, छातीत कफ भरला. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. म्हणाले, पडून राहिलेल्या माणसाचं असंच होतं. मंगल तांदळाची पेज चमच्यानं भरवायची, तोंड पुसायची, कूस बदलायची. त्या दिवसांत तिनं पट्टी बांधली नाही, गरज नव्हती. एका दुपारी पेज आत गेलीच नाही, तोंडातून बाहेर आली. मंगलनं वाटी बाजूला ठेवली आणि देवकीला हाक मारली.

यशवंत आला, रेश्मा आली. रेश्मा मंगलच्या गळ्यात पडून रडली. आयाबाया ओसरीवर बसून बोलत होत्या. अशी सून मिळायला नशीब लागतंय. वरीसभर भुईला अंग लागू दिलं न्हाई. देवकीही त्यांच्यातच बसली होती आणि मान हलवत होती.

परड्यात यशवंत आणि भावकीतले तिघं येसाजींना अंघोळ घालत होते. पाऊस जरा उघडला होता. सदरा काढल्यावर चौघंही थांबले. कमरेच्या वर, पोटावरून दोन्ही कुशींना गेलेला, कातडीचा काळपट पट्टा होता. वळाचा रंग नव्हता तो. जू जिथं रोज घासतं तिथं बैलाच्या खांद्याला जसा घट्टा पडतो तसा होता. टाचांची दशा तर झाकायलाच पाहिजे अशी.  मग भावकीतला एक म्हातारा, स्वतः सुनेच्या हातचं खाणारा, खाली बघत म्हणाला, "पाणी घाला की. थांबलासा कशाला?"

यशवंतनं मान वर केली. न्हाणीच्या दारात मंगल गरम पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिनं नजर काढली नाही. शेवटी त्यानंच काढली.

"अजून एक घागर आण," तो म्हणाला.

त्या विषयावर नवराबायकोत यापलीकडं कधी बोलणं झालं नाही. रान पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं, म्हणून दिवसकार्य झाल्यावरही यशवंत घरीच राहिला. इतके दिवस सलग तो घरात कधी राहिला नव्हता. तो चहा मागायचा तेव्हा जपून मागायचा. मंगल मागून आली की वळून बघायचा. मंगलनं ते ओळखलं होतं, आणि त्यात तिला काही वाईट वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी ती गोठ्यात धार काढत असताना न्हाणीत मोठा आवाज झाला. ती भांडं ठेवून गेली. दार आतून लावलेलं होतं.

"काय झालं ओ?"

आतून भिंतीला हात घासल्याचा आवाज आला. मग यशवंत म्हणाला, "काय न्हाई. तांब्या पडला."

तो बऱ्याच वेळानं बाहेर आला, भिंतीला हात लावून. मंगल दिसली तसा त्यानं हात काढून घेतला आणि चार पावलं सरळ चालत जाऊन पाटावर बसला. कपाळावर घाम होता. जेवायला बसताना त्यानं एक पाय लांब ठेवला. घोट्यावर लिंबाएवढी सूज आली होती.

"पडलासा?" मंगलनं विचारलं.

"न्हाई म्हटलं न्हवं. मुंग्या आल्यात पायाला."

ती आत गेली, तेल कोमट करून घेऊन आली आणि त्याच्या पायाशी बसली. यशवंतनं पाय ओढून घेतला. दुखलं असणार, कारण त्यानं ओठ चावला. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी लावतो माझं."

मंगलनं तेलाची वाटी त्याच्या हाताशी ठेवली. मग तिनं त्याच्या ताटात भात वाढला, वर आमटी घातली आणि समोर बसून राहिली. यशवंत जेवला. शेवटचा घास संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.